पासिंग संपलेलं घर

आमच्या पाहुण्यांना चाकावरचं घर घ्यायचंय. साधं नव्हे, जुनं. जुनं नव्हे, ‘व्हिंटेज’. कवठे महांकाळच्या शिवारात दोन मजली बंगला, पुढं पोर्च, पोर्चमध्ये पांढरीधोट एसयूव्ही, मागं द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, असं सगळं एका जागी घट्ट रोवलेलं असताना या माणसाला घर हलावं असं का वाटावं, हे विचारायची सोय नाही. यंदा बेदाण्यानं हात दिला, एवढं कारण पुरे. दर पडला की पाहुणे सोसायटीच्या सचिवाला टाळत फिरतात आणि चढला की रात्री दोनपर्यंत गाड्यांचे व्हिडिओ बघतात.

व्हिडिओ मलाही दाखवला. फिकट निळी फोक्सवॅगन, खिडकीला फुलाफुलांचे पडदे, दारात पाय सोडून बसलेलं जर्मन जोडपं, समोर समुद्र, शेजारी कुत्रा. बारा मिनिटांच्या त्या व्हिडिओत एकही माणूस भांडी घासताना दिसला नाही. मी तेवढंच बोललो. पाहुणे म्हणाले, “तुम्हाला चांगलं काय बघताच येत न्हाई.”

फोक्सवॅगनची ही डबेवाली गाडी १९५० सालची. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली केस वाढवलेली पोरं अशाच गाड्यांतून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून थेट आपल्या गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर उतरायची. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो रस्ताच मिटला. पण त्या पोरांचं आणि पाहुण्यांचं जमायचं कसं? त्यांना पोचायची घाई नव्हती, परतायची त्याहून नव्हती, वाटेत गाडी बंद पडली तर तोच मुक्काम. शिवाय त्यांच्या गाडीत आई, बायको, दोन पोरं, सून आणि साताऱ्याहून आयत्या वेळी आलेली मावशी, अशी बैठक नव्हती.

फोक्सवॅगन काही कवठ्यात मिळाली नाही. मिळाली मॅटाडोर. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, १९८८ची. एका शीतगृहाच्या मागं बाभळीच्या सावलीत उभी होती. नंबरप्लेटवर ‘एमएच १०’च्या आधीच्या जमान्यातली तीन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे. तिनं आधी दूध वाहिलं, मग शाळेची पोरं, मग मंडप-डेकोरेशनच्या खुर्च्या आणि सरतेशेवटी नुसती धूळ. पाहुण्यांना हा इतिहास कळला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “गाडीला कॅरेक्टर हाय,” म्हणाले. मालकानं ते ऐकलं आणि जागच्या जागी किंमत वीस हजारांनी वाढवली.

एक कबूल करायला पाहिजे, गाडी खानदानी. कंपनीच मुळात जर्मनांच्या सहकार्यानं १९५८ साली उभी राहिलेली, आणि मॅटाडोरच्या पोटात परवान्यावर बनवलेलं मर्सिडीजचं डिझेल इंजिन. त्यामुळं पाहुणे आता गावात “मर्सिडीज बघतोय” असं सांगतात. खोटं म्हणता येत नाही.

गाडी बघायला मिरजेहून मिस्त्री आणले होते. मिस्त्रींनी ना बॉनेट उघडलं, ना किल्ली मागितली. खिशातनं जुन्या स्पीकरचा चुंबक काढला आणि दाराला लावला. चिकटला. तसाच पत्र्यावरनं सरकवत मागं नेला. चाकाच्या वरच्या गोलाईवर आला आणि टपकन मातीत पडला. उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला. “हितं पत्रा न्हाई, लांबी हाय,” मिस्त्री म्हणाले आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज घडवंचीवर मारल्यासारखा आला. गंजून गेलेल्या जागी लांबी भरून वर रंग मारलेला. खालच्या पट्टीत तर खिळा घुसवला आणि तो आत गेला तो गेलाच. मग छताची आतली बाजू हुंगली. हो, नाक वर करून हुंगली. ओल मुरली की आतलं प्लायवुड बोलतं म्हणे.

मग सेल मारला. नाही. पुन्हा मारला. नाही. चौघांनी ढकलली तेव्हा सुरू झाली आणि मागनं निळा धूर निघाला.

“डिझेल लई दिवसांनी पेटलंय,” पाहुणे कौतुकानं म्हणाले.

“डिझेल न्हवं ते, ऑइल जळतंय. काळा धूर निघाला असता तर पंप-नोझल बघितलं असतं. पांढरा निघून थांबला नसता तर गॅस्केट. निळा म्हंजे रिंगा गेल्या.”

टायर मात्र गुळगुळीत नव्हते. नक्षी शाबूत, काळेभोर. पाहुण्यांनी ते मुद्दाम दाखवले. मिस्त्री खाली बसले आणि टायरच्या कडेला कोरलेले चार आकडे वाचले: २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या उभ्या म्हातारं झालेलं रबर. असल्या टायरवर आंबा घाट उतरायचा बेत होता, कारण पहिली सहल गणपतीपुळ्याची ठरलीय. घाटात जुन्या गाडीला ब्रेक म्हणजे फक्त आधार, खरी धरून ठेवायची ती गिअरनं. चढायला जो गिअर तोच उतरायला, हे जुन्या ड्रायव्हरांचं शास्त्र. पाहुणे ऑटोमॅटिक गाडी चालवून हे विसरलेत. त्यांचा चिरंजीव तर विसरलेलाही नाही, त्याला माहीतच नव्हतं.

आता ‘व्हिंटेज’कडं येऊ, कारण खरी गंमत तिथंय. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, फारशी उलथापालथ न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ती व्हिंटेज. नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. इथवर पाहुणे माना डोलावत होते. पुढचं कलम वाचलं तेव्हा मान थांबली. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि तेल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायचं, बस. म्हणजे खरोखरीची व्हिंटेज घेतली तर तीत बसून पेट्रोल पंपापर्यंत कौटुंबिक सहल काढता येईल. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, लोक दुतर्फा उभे राहून बघतात, ते व्हिंटेज. तीत गॅसची शेगडी ठेवून कोणी पोहे करत नाही.

आणि १९८८ची मॅटाडोर तर या हिशेबात बसतच नाही. ती कायद्यानं व्हिंटेज नव्हे, नुसती म्हातारी. म्हाताऱ्या गाडीचे भोग निराळे. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याचे १० हजार. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. हिचं पासिंग कधी संपलं ते मालकालाही आठवेना. “एजंट बघंल की” एवढं म्हणून त्यानं विषय संपवला. शिवाय दिल्लीकडं तोंड करायचं नाही. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरून २०१५ पासून कोर्टकज्जे चाललेत, पस्तिशी ओलांडलेली आमची मॅटाडोर तिथं पोचली तर स्वागताला कोण उभं राहील हे सांगायला नको.

पाहुण्यांची पुढची योजना होती ती छत उंच करून घ्यायची. आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. मागचा पत्रा कापून पलंग, बाजूला ओटा, कोपऱ्यात मोरी. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर असा बदल करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचं उदाहरण ताजं आहे. भंगारातल्या सुट्या भागांतून सुमारे साठ हजारांत त्यांनी जीपसारखी गाडी घडवली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी ती बघितली, वाहवा केली आणि त्याच दमात म्हणाले की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील. ही मला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये तसं झालंही. पाहुण्यांनी यातून जो धडा घेतला तो असा: “म्हंजे आपल्यालाबी बोलेरो मिळंल?”

लोहारांच्या हातात कला होती. पाहुण्यांच्या हातात इन्व्हर्टरचं कॅटलॉग आहे.

कॅटलॉगचं कारण एसी. गाडीत एसी पाहिजेच, कारण सून पुण्यात वाढलेली. लोडशेडिंगनं आमच्या तालुक्यातल्या शेंबड्या पोराला बॅटरीचं गणित शिकवलंय, पण हौस आली की गणित पळतं. १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. तीही निम्मीच वापरायची, नाहीतर वर्षात मरते. दीड टनी एसी तासाला दीड हजाराच्या आसपास ओढतो. म्हणजे अर्धा तास गारवा आणि मग रात्रभर मच्छर. “मग चार बॅटऱ्या टाकू,” चिरंजीव म्हणाले. एकेका बॅटरीचं वजन पन्नास-साठ किलो. पाणी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. सिलिंडर, गाद्या, पलंग, मावशी. कमानपाटे आत्ताच उलटे वाकलेत.

पाण्यावरून मात्र मला हसू येत नाही. कवठे महांकाळ हा टँकरचा तालुका. म्हैसाळ योजनेचं पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्यानं उपसून इकडं यायच्या आधी, उन्हाळ्यात टँकर गावात शिरला की बाया हंडे-कळश्या घेऊन पळायच्या. पाण्याला चाकं असतात हे इथं कोणाला व्हिडिओतनं शिकावं लागलं नाही. पाहुण्यांच्या आई त्या रांगेत आयुष्य काढलेल्या. त्यांना जेव्हा सांगितलं की गाडीत शंभर लिटरची टाकी असेल आणि सात माणसं तीन दिवस ती पुरवतील, तेव्हा त्यांनी पोराकडं अशा नजरेनं बघितलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

“आणि संडास?”

“आत हाय की, आई. मागच्या कोपऱ्यात.”

“आणि सैपाक?”

“त्याच्या म्होरं.”

“एका पत्र्याखाली दोन्ही?”

पाहुणे प्लॅस्टिकची टाकी, औषध, झाकण असं सगळं समजावू लागले. आईंचा दुसरा प्रश्न त्याहून सरळ होता: “भरल्यावर रिकामी कुठं करायची? आन कोण करणार?” टाकी भरते ही गोष्ट त्या व्हिडिओवाल्यानं सांगितली नव्हती. आपल्याकडं ती रिकामी करायची अधिकृत सोय कुठल्या नाक्यावर आहे सांगा. पुण्यात २०१६ साली जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली, ‘ती’ नावानं. पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी ती बघितलीत. त्यांच्या मते जुन्या गाडीचा आजवरचा सर्वांत शहाणा उपयोग तोच, आणि तोही एका जागी उभी करून.

वहिनी एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी बेदाणे निवडता निवडता म्हणाल्या, “घरात मी ओट्याम्होरं. गाडीत बी मी ओट्याम्होरं, फकस्त वाकून. मग फिरायला गेलं कोण?” आणि पुन्हा निवडायला लागल्या. बैठकीत त्यानंतर बराच वेळ टायरवर चर्चा झाली.

गाडी कुठली घ्यावी यावर मला जे कळतं ते इतकंच. पडदे, रंग, जुना टेप आणि लाकडी पॅनेल निवडतात ती पुरुष माणसं. टाकी, शेगडी, अंथरुणं आणि ओले टॉवेल सांभाळतात त्या बायका. निवडणारा आणि राबणारा वेगळा असला की माणूस मॅटाडोरच्या प्रेमात पडतो. वहिनींना नेऊन त्या बाभळीखाली उभं केलं असतं तर मिस्त्रींची, चुंबकाची गरजच पडली नसती.

आणि चाकावर घर ही काय नवलाई आहे आमच्याकडं? १८८० साली पहिली देशी सर्कस उभी करणारे अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे याच मुलखातले. म्हैसाळच्या देवलांनी पुढं तीच वाट धरली. हत्ती, घोडे, तंबू आणि बायकापोरं घेऊन गावोगाव. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. दसऱ्याला निघालेला फड वैशाखाच्या पुनवेपर्यंत घरचा उंबरा बघत नाही. कलाकार गाडीत झोपतो, गाडीच्या आडोशाला तोंड रंगवतो, गाडीखालच्या झोळीत त्याचं पोर. कुणी त्याचा व्हिडिओ करून खाली फिकट निळं हृदय टाकलं नाही.

दिवाळी सरली की जतकडनं, बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठच्या कारखान्यांकडं निघतात. टायरगाडीवर कोयता, पातेली, गोधड्या, कोंबडी आणि सर्वांत वर दोन पोरं. उघड्यावर मुक्काम, पाचटाची कोपी, दगडांची चूल. पाण्याची टाकी नाही, पण घागर आहे. धनगरांचा वाडा तर घोड्यावर चालतो. शेरडं-मेंढरं पुढं, संसार मागं, आणि वाडा उतरेल तिथं घर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. यांच्यातल्या एकानंही ‘कुठली गाडी घ्यावी’ म्हणून रात्र जागवली नाही, कारण यांना निवडायला काही नव्हतं. तोच डेरा एखाद्या बंगलेवाल्यानं टाकला की त्याचं पर्यटन होतं, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. गाडी उभी करायला जागा, वीज, पाणी, स्वच्छतागृह, सगळं कागदावर देखणं. ऊसतोडीच्या मुक्कामाला एवढं मिळालं असतं तर कोपीतली पोरं अंगठा दाखवून फोटोला उभी राहिली असती. रत्नागिरी-नागपूर महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेली ही कुटुंबं दिसली की आमचे पाहुणे हॉर्न मारतात. “निम्मा रस्ता अडवलाय,” म्हणतात. उद्या मॅटाडोर घाटात चाळीसच्या वेगानं चढेल तेव्हा मागनं कोण कोण हॉर्न मारतंय ते बघायला मी नक्की जाणार.

एवढं करून कुणाला खरोखर जायचंच असेल, तर ‘व्हिंटेज’चं खूळ डोक्यातनं काढावं. कागद जिवंत असलेली, आठ-दहा वर्षांची ट्रॅव्हलर बघावी. मॅटाडोरच्याच कंपनीची पुढची गाडी, पार्ट तासगावातही मिळतील. आत पत्रा न कापता, बोल्ट न मारता, सुटं करता येईल एवढंच सामान ठेवावं. उंची ठरवताना गावोगावच्या स्वागत कमानी आणि रेल्वेखालचे बोगदे मोजावेत. पुढाऱ्याच्या नावाची कमान तोडली तर विम्यात बसत नाही. आणि घेण्याआधी एकदा भाड्यानं तसली गाडी घेऊन दोन रात्री काढाव्यात, पावसाळ्यात, सगळ्या माणसांसकट. मी हे पाहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, “त्यात काय मजा?”

व्यवहार अडलाय तो रंगावर. चिरंजीवांना फिकट निळा हवा, पाहुण्यांना मोतिया, सुनेनं फोनवर तीन छटा पाठवल्यात. मिस्त्रींचा निरोप आलाय की रंगाआधी रिंगा बघा. इसार दिलेला आहे, मालक तो परत देईल असं वाटत नाही.

मधल्या काळात पाहुण्यांच्या आई तुळजापूरला जाऊन आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास फुकट आहे आणि २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. आळीतल्या चौघीजणी, वहिनी पाचव्या. कवठ्याहून पंढरपूर, तिथनं तुळजापूर, एक मुक्काम भक्तनिवासात. ओट्यापुढं कोणी उभं राहिलं नाही. वहिनींनी आयती पिठलं-भाकरी खाल्ली आणि वर ताकही मागवलं म्हणे. घरी आल्यावर पाहुण्यांनी आईंना हौसेनं विचारलं, “आई, आपल्या गाडीला कुठला रंग बरा दिसंल?”

“लाल,” आई म्हणाल्या. “आन वर कंडक्टर ठेव.”